ठिणगीची वेळ

कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांचा डिस्ट्रिब्युटर आज बदलला जातो, भंगारात जातो, दुरुस्त मात्र क्वचित होतो. परभणीसारख्या जिल्ह्यात ही कारागिरी का टिकायला हवी आणि ती नेमकी असते कशी, याचा हा शोध.

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्यात दर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. एका ठिणगीपासून दुसरीपर्यंत सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्या वेळात बॅटरीच्या १२ व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट व्हायचे, ते ज्या सिलिंडरची पाळी आहे त्याच्याच प्लगवर पोचायचे, आणि पोचायचे तेही पिस्टन वर येता येता ठराविक जागी असताना. जुन्या गाड्यांत हे काम मुठीत मावेल एवढा एक भाग करतो. एक शाफ्ट, त्यावर चार कोनांचा कॅम, दोन वजनं, दोन स्प्रिंगा, पॉइंटची एक जोडी, कंडेन्सर, रोटर आणि वर बेकेलाइटची कॅप. त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. कितीतरी गॅरेजांत डेल्को म्हणतात.

गाडी चढावर दम सोडते, मिसिंग मारते, गरम झाली की बंद पडते, पेट्रोल जास्त पिते, या तक्रारी आल्या की आधी कार्ब्युरेटर उघडला जातो. मग प्लग बदलतात, मग कॉइल. दोष मात्र बऱ्याचदा डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टखाली, झिजलेल्या एका बुशात असतो. तो बुश करायला लागणारा धातू अंगठ्याएवढा. एवढ्याशा धातूसाठी अख्खी गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी राहते आणि शेवटी वजनावर विकली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच हा भाग, त्याची झीज आणि त्याची दुरुस्ती यांच्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलं पाहिजे असं वाटलं.

जिल्ह्यात आलेली इंजिनं

परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे या जिल्ह्याचे तालुके. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला त्याआधी जिल्हा याहून बराच मोठा होता. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे सरकारी बससेवा रेल्वेनं चालवायला घेतली होती. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्यानं १९३२ मध्ये २७ बस घेऊन सुरुवात केली. रेल्वेचा रूळ जिथे नव्हता तिथे मोटार पोचायला लागली, ती अशी.

पुढे आली जीप. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी सहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनं त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जीप जोडायला घेतली. गावोगावच्या सरकारी कामाला, पोलिसांना, शेतीखात्याला ही गाडी मानवली, कारण काळ्या मातीच्या चिखलात ती अडकत नसे आणि अडकलीच तर निघत असे. तिचं २,१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन अवघं ६.४८ कॉम्प्रेशनचं, म्हणजे हलक्या पेट्रोलवरही कुरकुर न करणारं.

त्यानंतर ॲम्बॅसॅडर आणि फियाट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातली १,०८९ सीसीची फियाट पुढे पद्मिनी झाली. बंगालमध्ये उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर १,४८९ सीसीची. डॉक्टर, वकील, जिनिंगवाले, आमदार यांच्या दारात या दोनच गाड्या असत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, मग व्हॅन आणि जिप्सी आल्या, आणि पेट्रोल गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

या सगळ्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर होता. देशात त्यासाठी लागणारी सामग्रीही बनू लागली होती. बंगळुरूला १९५० च्या दशकापासून मायको आणि मद्रासजवळ पाडी इथं १९६१ पासून लुकास-टीव्हीएस. २००० साली प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवू लागला. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, ॲम्बॅसॅडरचं त्याच वर्षी मे महिन्यात. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली.

जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र गाड्या इतक्या झटकन निवृत्त होत नाहीत. एमएच-२२ पाटीची जुनी व्हॅन बाजारहाटाला धावते, वडिलांची पद्मिनी मुलगा ठेवून घेतो, शेतावर उघडी जीप असते. आणि बुलेट तर आहेच. जुन्या बुलेटला एकच सिलिंडर, त्यामुळे ठिणगी वाटायचं काम नाही. पण पॉइंट, कंडेन्सर, कॅम आणि आपोआप ॲडव्हान्स करणारी वजनं तिच्यातही याच तत्त्वावर बसवलेली आहेत.

बारा व्होल्टचे वीस हजार

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरनं बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची ही पद्धत बसवली आणि १९१० सालच्या कॅडिलॅक गाड्यांत ती पहिल्यांदा मोठ्या संख्येनं लागली. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या.

कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, काहीशे वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या तारेचं, हजारो वेढ्यांचं. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि कॉइलच्या गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. फिरता कॅम पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं. त्या कोसळण्यातून जाड तारेत दोन-तीनशे आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात. तिथून मधल्या वायरनं कॅपमध्ये, कार्बन ब्रशवरून रोटरवर, रोटरच्या पितळी टोकावरून ज्याची पाळी आहे त्या वायरीत आणि मग प्लगवर. जीप, ॲम्बॅसॅडर, पद्मिनी यांची पाळी १-३-४-२. मारुती ८०० तीन सिलिंडरची, तिची १-३-२.

कंडेन्सरचं काम लोकांना कमी कळतं. करंट तुटताना तो उघडणाऱ्या पॉइंटमधूनच उडी मारू बघतो. तसं झालं तर क्षेत्र हळूहळू विरतं, प्लगला ठिणगी फिकी मिळते आणि पॉइंट जळतात. कंडेन्सर तो धक्का स्वतःकडे घेतो म्हणून करंट झटकन तुटतो. त्याची क्षमता साधारण ०.२ मायक्रोफॅरड, आणि ती जुळलेली लागते. एका पॉइंटवर खड्डा आणि दुसऱ्यावर धातूचा उंचवटा दिसला, तर अनुभवी मिस्त्री पॉइंट घासत बसत नाही. आधी कंडेन्सरवर संशय घेतो.

आता वेळेची गोष्ट. ३,००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटून पुरतं जळायला साधारण दोन मिलिसेकंद घेतं. म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर ठिणगी दिली, तर जोर येईपर्यंत तो बराच खाली उतरलेला असतो. म्हणून ठिणगी आधी द्यावी लागते, आणि इंजिन जितकं जोरात तितकी जास्त आधी. सुरुवातीच्या मोटारींत स्टिअरिंगवर त्यासाठी एक दांडी असे आणि ड्रायव्हर हातानं ॲडव्हान्स-रिटार्ड करी. डिस्ट्रिब्युटरमधली दोन वजनं हेच काम आपोआप करतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि कॅमला शाफ्टच्या पुढे सरकवतात. स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. बाजूला लावलेल्या डबीतला व्हॅक्यूमचा पडदा दुसरी खबर आणतो. ॲक्सिलरेटर थोडाच दाबलेला असेल, इंजिनवर भार नसेल, तेव्हा मिश्रण सावकाश जळतं. त्या वेळी पडदा पॉइंटची प्लेट फिरवून ठिणगी आणखी आधी देतो.

वेग आणि भार या दोन्ही गोष्टी ओळखून वेळ बदलणारं हे यंत्र आहे, आणि त्यात एकही न दिसणारी गोष्ट नाही. त्याचा प्रत्येक भाग हातात धरता येतो, मोजता येतो, पुन्हा करता येतो. माझ्या मते याचं खरं मोल इथेच आहे.

ऊन, धूळ, पाऊस

परभणीचा उन्हाळा ४४-४५ अंशांना सहज जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत कंडेन्सर आणि कॉइल आधी दगा देतात. सकाळी गाडी एका सेल्फला लागते, दुपारी गंगाखेडच्या रस्त्यावर थांबते, तासाभरानं थंड झाली की काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते. कंडेन्सरची ही जुनी खूण आहे. उन्हानं कॅमवरचं ग्रीस पातळ होतं आणि उडून पॉइंटवर बसतं. तेल लागलेला पॉइंट काळा पडतो आणि जळतो.

काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. ती तेलात मिसळली की शाफ्ट आणि बुश यांच्यामध्ये घासणारा लेप तयार होतो. पावसाळ्यात दमट हवा कॅपमध्ये शिरते. आत सतत ठिणग्या पडत असल्यानं ओझोन वायू तयार होतो, ओलाव्यात त्यापासून आम्लं बनतात आणि पितळी टोकांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी खर धरते. कॅपच्या आत भिंतीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, की तो कार्बनचा माग समजायचा. करंटनं एकदा ती वाट जाळून काढली की पुढचा करंट तिथूनच पळतो. अशी कॅप फेकावी. ब्लेडनं रेघ खरवडणं हा घरी पोचण्यापुरता उपाय.

सर्वात घातक झीज मात्र कुणाला दिसत नाही. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते तसतशी पॉइंटमधली फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडी रोज थोडी थोडी मंदावते. मालकाला वाटतं इंजिन म्हातारं झालं. इंजिन गरम राहतं, पेट्रोल जास्त जातं, आणि कुणीतरी बोअर करायचा सल्ला देतं. दोन थेंब तेल, कॅमवर चिमूटभर ग्रीस आणि फिलर गेजनं साधलेली फट एवढ्यानं जे सुटलं असतं, त्यासाठी इंजिन उतरवलं जातं.

व्हॅनला गॅसकिट लावलेलं असेल तर कमजोरी आणखी लवकर उघडी पडते. गॅसच्या मिश्रणाला पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलवर कशीबशी निभावून नेणारी कॅप, रोटर किंवा वायर गॅसवर लगेच मिसिंग दाखवते. दोष किटवर जातो, पण तो किटचा नसतो.

पुन्हा बांधणी

डिस्ट्रिब्युटर खरोखर पुन्हा बांधायचा, तर कामाची एक ठरलेली वाट आहे आणि तिची सुरुवात पाना लावण्याआधी होते. पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणायचा. रोटर कुठे बघतोय त्याची खूण बॉडीवर, बॉडीची खूण इंजिनवर. कॅपमधल्या वायरींचा क्रम लिहून ठेवायचा. जुन्या जीपमध्ये जास्त जपावं लागतं, कारण तिचा डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. पंप काढला आणि दात चुकवून बसवला, की टायमिंग हरवतं आणि मिस्त्री दिवसभर वायरी अदलाबदल करत बसतो.

मग सुटं करणं. कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, व्हॅक्यूमची डबी, प्लेट. खाली शाफ्टच्या टोकाला ड्राइव्हचा डॉग एका आडव्या पिनेनं धरलेला असतो आणि ती पिन ठोकून फुगवलेली असते. फुगवटा कानशीनं घासल्याशिवाय पिन ठोकली तर भोक फाटतं. कित्येक डॉगचे दात मुद्दाम एका बाजूला सरकवलेले असतात, म्हणजे तो एकाच बाजूनं बसावा. पण तोच डॉग शाफ्टवर उलटा पिनला, तर ठिणगी बरोबर १८० अंश चुकते. म्हणून डॉग काढण्याआधी त्याची आणि रोटरच्या खाचेची दिशा टिपून ठेवायची.

सगळं रॉकेलमध्ये धुऊन पुसलं की झीज वाचता येते. शाफ्ट बॉडीत घालून वरचं टोक बोटांनी आडवं हलवायचं. चांगल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ते हललेलं जाणवत नाही. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची असते. शाफ्टला ०.१० मिलिमीटर आडवा प्ले असेल, तर फटीचा पाव हिस्सा दर फेरीत इकडेतिकडे होतो. मग चारही सिलिंडरना वेगवेगळ्या वेळी ठिणगी मिळते. फिलर गेजनं कितीही काटेकोर फट लावा, इंजिन सुरू झाल्यावर ती तशी राहतच नाही. नवे पॉइंट, नवी कॅप, नवा कंडेन्सर घालूनही गाडी लंगडते ती यामुळे.

कंपनीचे बुश सच्छिद्र ब्राँझचे असत, धातूची भुकटी दाबून आणि भाजून केलेले. माठातून पाणी पाझरावं तसं त्यांच्यातून तेल पाझरतं आणि शाफ्टला पुरत राहतं. असा बुश बसवण्याआधी २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा, आणि बसवल्यावर त्यात रीमर फिरवायचा नाही. रीमरनं छिद्रं बुजतात, तेलाची वाट बंद होते आणि नवा बुश महिन्यांत जुना होतो. सच्छिद्र बुश मिळत नसेल तर टर्नरकडून गनमेटलचा बुश काढून घेता येतो, पण त्याला तेलाची खाच द्यावी लागते आणि तेलाचे थेंब वेळच्या वेळी घालावे लागतात. शाफ्ट स्वतःच झिजला असेल तर नुसता बुश बदलून भागत नाही. शाफ्ट घासून गोल करायचा आणि बुशाचं भोक त्या मापाचं ठेवायचं. मायक्रोमीटरनं शाफ्ट दोन-तीन जागी मोजला की निर्णय आपोआप होतो.

त्यानंतर वजनं. त्यांच्या खुंट्या झिजल्या असतील, गंजून अडकली असतील, तर ॲडव्हान्स एक तर येत नाही किंवा आलेला परत जात नाही. स्प्रिंगांच्या बाबतीत एक घोटाळा फार होतो. दोनपैकी एक स्प्रिंग बारीक आणि ताठ, दुसरी जाड आणि तिची कडी सैल. ही सैल कडी हेतुपुरस्सर दिलेली असते. सुरुवातीला एकटी बारीक स्प्रिंग काम करते म्हणून ॲडव्हान्स भराभर वाढतो; पुढे जाड स्प्रिंग ताणात येते आणि वाढ आवरते. सैल दिसली म्हणून कडी वाकवून ताठ केली, की इंजिनाचा सगळा स्वभाव बदलतो. म्हणूनच भंगारातून आणलेला दुसऱ्या मॉडेलचा डिस्ट्रिब्युटर भोकांत चपखल बसला तरी गाडीला बसेलच असं नाही. बॉडीवर कोरलेला नंबर, कॅमच्या पायावर कोरलेले ॲडव्हान्सचे अंश हे आधी वाचायचे.

व्हॅक्यूमच्या डबीची तपासणी तोंडानं होते. नळी लावून हवा ओढायची आणि जिभेनं भोक बंद करायचं. दांडी आत ओढलेली राहिली तर पडदा चांगला, हळूहळू परतली तर फाटलेला. प्लेटला बॉडीशी जोडणारी विणलेली छोटी वायर तुटली असेल, तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि दोष महिनोन् महिने सापडत नाही. रोटरच्या मधल्या रिव्हेटखालून करंट शाफ्टमध्ये उतरतो का तेही बघायचं. हलक्या प्रतीच्या नव्या रोटरमध्ये हा दोष आढळतो. जुना, जाड, चांगला रोटर उगाच फेकू नये.

जोडणी उलट क्रमानं. खालच्या वॉशरनं शाफ्टचा वरखाली प्ले साधायचा, नवी पिन ठोकायची, कॅमवर ग्रीसचा पातळ हात, रोटरखालच्या फेल्टवर तेलाचे दोन थेंब. दोनच. जास्त प्रेमानं घातलेलं तेल पॉइंटवर येतं.

मीटर आणि कान

मोठ्या सर्व्हिस स्टेशनांत पूर्वी डिस्ट्रिब्युटर तपासायचं वेगळं यंत्र असे. मोटर त्याला फिरवी आणि अंशांच्या चकतीवर प्रत्येक ठिणगी प्रकाशाच्या रेघेसारखी उमटे. चारही रेघा ९० अंशांवर पडल्या म्हणजे शाफ्ट सरळ. आज तसं यंत्र नसलं तरी लेथ आहे. लेथच्या चकमध्ये किंवा ड्रिल मशिनमध्ये शाफ्ट धरायचा, कॉइल आणि बॅटरी जोडायची, अंशांची कागदी चकती लावायची, टायमिंग लाइटच्या झोतात खुणा बघायच्या. वेग वाढवत नेला की ॲडव्हान्स किती अंश सरकला हे डोळ्यांनी दिसतं. हे करायला कुठल्याही तालुक्याच्या गावात सामान आहे.

गाडीवर बसवताना टायमिंग लाइट नसेल तर १२ व्होल्टचा साधा बल्ब पुरतो. कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला एक वायर, दुसरी अर्थला, इग्निशन सुरू. बल्ब लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. पुलीवरची खूण ठराविक अंशावर आणून, बॉडी फिरवून, बल्ब नेमका लागतो तिथे बोल्ट आवळायचा. बुलेटवाले हीच गोष्ट हेडलाइटच्या वरच्या अँपिअर मीटरवर बघतात. किक सावकाश दाबली की पॉइंट मिटताना काटा वजाकडे झुकतो, उघडताना शून्यावर येतो.

शेवटची कसोटी रस्त्यावर. टॉप गिअरमध्ये, चढावर, ॲक्सिलरेटर दाबायचा. किणकिण ठोका ऐकू आला तर ठिणगी लवकर पडतेय, गाडी जडावली तर उशिरा. कानानं टायमिंग साधणाऱ्या मिस्त्रींविषयी मला आदर आहे. पण कान शेवटची बारीक जुळवणी करू शकतो. झिजलेला बुश तो भरून काढू शकत नाही. आज पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. त्याचा ऑक्टेन जास्त, जळण्याची रीत वेगळी, आणि जुन्या रबरी पडद्यांना, नळ्यांना ते मानवत नाही. गाडी नवी असताना पुस्तकात दिलेला आकडा आजच्या इंधनावर पुन्हा पारखून घ्यावा लागतो. तो पारखायला शाफ्ट स्थिर असणं ही पहिली अट.

किट लावलं म्हणजे झालं?

पॉइंट काढून त्या जागी चुंबक आणि सेन्सर लावायची किटं मिळतात. त्यांचे फायदे खरे आहेत. टाच झिजत नाही, फट लावावी लागत नाही, जास्त वेगातही ठिणगी दमदार राहते. रोज वापरायच्या गाडीला ते लावावंसं वाटणं अगदी रास्त आहे. पण किट बुश बदलत नाही. अडकलेली वजनं सोडवत नाही. फाटलेला पडदा शिवत नाही. शाफ्ट डगमगत असेल तर रोटर आणि कॅपमधलं अंतर डगमगतच राहतं. शिवाय पॉइंट बिघडले तर रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरच्या तुकड्यानं गाडी घरी आणता येते. किट जळलं तर टोचन करावं लागतं. म्हणून क्रम असा हवा: आधी शाफ्ट, बुश, वजनं, मग हवं तर किट. आज बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा आहे, कारण किट अर्ध्या तासात लागतं आणि बुशाला दीड-दोन दिवस लागतात.

हाच या कामाचा खरा पेच आहे. वेळ मिस्त्रीचा, लेथ दुसऱ्याचा, आणि ग्राहक मोजतो ते फक्त सुट्या भागांचं बिल. हातानं केलेल्या मोजमापाचे पैसे वेगळे देण्याची सवय आपल्याला नाही. ती लागली नाही, तर ही कारागिरी करणाऱ्याला परवडणार नाही आणि तो तरी का करील?

ठेवायचं काय

जुन्या गाड्यांभोवतीचे कायदे बदलले आहेत. १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही, म्हणून कार्यालयांच्या आवारातली जुनी वाहनं लिलावात आणि भंगारात निघाली. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. आणि जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि व्हीए अक्षरांची पाटी दिली आहे. १९७०च्या दशकातली जीप, फियाट, ॲम्बॅसॅडर आता एकेक करून त्या वयात येत आहेत. त्यांना मूळ रूपात चालती ठेवायची, तर मूळ डिस्ट्रिब्युटर चालता हवा.

यासाठी मोठी योजना लागत नाही. लागणाऱ्या गोष्टी जिल्ह्यात आहेत. परभणीत आयटीआय आहे. मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात एक आठवडा झिजलेला डिस्ट्रिब्युटर मोजून, बुश काढून, पुन्हा बांधण्याला द्यावा. ज्या मुलानं स्वतःच्या हातानं ठिणगीची वेळ पुढेमागे केली आहे, त्याला संगणकावर दिसणारा ॲडव्हान्सचा आकडा कळतो. नुसता आकडा वाचणाऱ्याला तो का बदलला हे कळत नाही. कृषी विद्यापीठात १९७२ पासून इंजिनं, पंप, अवजारं यांच्याशी झुंजणारी माणसं घडली आहेत. तिथल्या वर्कशॉपमधला लेथ या कामाला उत्तम आहे.

भंगारवाल्यांनी आणि गाडीमालकांनी एक करावं. बॉडी फुटलेली नसेल तर जुना डिस्ट्रिब्युटर वितळायला देऊ नये. कॅप, रोटर, पॉइंट बाजारात मिळतील, मुंबईकडून देवगिरी एक्सप्रेसनं येतील. पण त्या मॉडेलचा कॅम, त्याची वजनं आणि त्याच्या दोन स्प्रिंगा पुन्हा कुणी बनवणार नाही.

आणि मिस्त्रींनी आपले आकडे लिहून ठेवावेत. कोणत्या गाडीच्या शाफ्टचं माप किती निघालं, बुश किती ठेवला, फट किती, आजच्या पेट्रोलवर टायमिंग किती अंशांवर नीट बसलं. ही वही मराठीत असावी, तिच्या प्रती निघाव्यात, नव्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी ती पडावी. आजवर हे ज्ञान उस्तादाकडून चेल्याकडे तोंडी गेलं, आणि चेला दुसऱ्या धंद्यात गेला की तिथेच संपलं. ज्यांनी हे काम चाळीस-चाळीस वर्षं केलं, ती माणसं अजून आहेत, त्यांचे हात चालते आहेत. त्यांच्याशेजारी वही-पेन घेऊन बसायला हीच वेळ आहे, आणि गाडीचा मालक म्हणून बिलात बुशाबरोबर त्या मोजमापाचेही पैसे द्यायला आजपासूनच सुरुवात करता येईल.